हुरड्याच्या दिवसांतला वेग

आमच्या ऑफिसात झाडू-पोछा करणाऱ्या मावशी एक दिवस तणतणत माझ्याकडे आल्या. "मॅडम, त्या टोपीवाल्या सरांच्या टेबलाखाली रोज ओंजळभर शेंगांची टरफलं निघत्यात. हितं कॉम्प्युटरचं काम चालतं का खळ्याचं?" मी टीमची प्रमुख म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि हे सर माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी हिय्या करून समज द्यायला गेले. तासाभराने परत आले ती स्वतःच पंधरा-वीस शेंगा फोडून, आणि मी बनवलेलं वेबसाइटचं पान किती वाईट आहे हे ऐकून. असे धक्के त्यांनी पुढे मला इतक्यांदा दिले की त्यांची आठवण काढायला बसले की आधी माझं आ वासलेलं तोंडच आठवतं.

नगरला सावेडीत एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस. शहराचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या, आमच्या तोंडात मात्र नगरच राहिलं. ऑफिसात सगळी तिशीच्या आतली, हे एकटे पन्नाशी ओलांडलेले. पूर्वी पाथर्डीत टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले तेव्हा यांनी पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकून घेतला आणि इकडे आले. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाठीमागे मास्तर. एसीचा वारा सोसत नाही म्हणून ऐन मे महिन्यात माकडटोपी. खिशात शाईचं पेन. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात तीन फोन, तिन्ही बाजारातले सगळ्यांत स्वस्त, एकाची काच फुटलेली. आणि त्याच पिशवीत, फोनांच्या अंगावर, भाजलेल्या शेंगा.

त्यांचं काम आधी सांगायला हवं, नाहीतर शेंगा कळायच्या नाहीत. ब्राउझरमध्ये एक सोय असते. आपल्याकडचं इंटरनेट कितीही जोरात असलं तरी त्याचा वेग मुद्दाम कमी करून पान कसं उघडतं ते बघता येतं, नळाची चावी पिळून धार बारीक करावी तसं. याला थ्रॉटलिंग म्हणतात. मास्तर 'चावी' म्हणायचे. आमची एक यंत्रणा दर तासाला ही चावी पिळून आमची सगळी पानं आपणहून उघडून बघायची आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रंग दाखवायची. पान वेळेत उघडलं तर हिरवा, नाही तर लाल. चावी किती पिळायची हे एकदाच ठरवून ठेवायचं. कुणी मुद्दाम बदलला नाही तर तोच आकडा कायम चालायचा, म्हणजे डिफॉल्ट. तो ठरवणं आणि तपासणं हे मास्तरांचं काम.

"डिफॉल्ट म्हंजी काय सांगू का ताई?" ते मला म्हणाले होते. "ज्याच्याकडं परत कुनी बघत न्हाई, त्ये."

सेकंदांवर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्राला सेकंद कळतात, माणसाला कंटाळा कळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते चावी पिळायचे, पान उघडायला लावायचे आणि शांतपणे शेंगा फोडून खायला लागायचे. पान पूर्ण येईपर्यंत किती शेंगा झाल्या तो त्या पानाचा हिशेब. दहाच्या आत आलं तर पास. माझं पहिलं पान त्यांनी उघडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. "अकरा," ते म्हणाले. "बारा. ताई, बटन कुठंय तुमचं? तेरा." आमच्या सगळ्यांच्या देखत, जराही आवाज न चढवता, सतरापर्यंत मोजलं. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पान निम्मं करून नेलं. आठ शेंगा. त्यांनी नववी फोडून माझ्या हातावर ठेवली.

दुसरा त्यांचा आवडता शब्द हेलपाटा. फोनवरून निरोप जाऊन उत्तर परत येण्याची एक फेरी म्हणजे हेलपाटा. नुसता वेग बघू नका, हेलपाटे बघा, असं ते येताजाता सांगत. पानावर चित्रं वाढली की हेलपाटे वाढतात. आम्ही चिडवायचो, "सर, चहाला खाली जाऊन येतो, एक हेलपाटा." ते हसायचे नाहीत.

आणि त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, कारण तेव्हा ते मला फार पटलं होतं. "ज्याच्याकडं पान उघडत न्हाई, त्यो तक्रार करत न्हाई ताई. त्यो मनतो, आपलाच फोन वाईट."

त्या वर्षी आमच्याकडे एका संस्थेचं काम आलं. पाथर्डी, शेवगाव भागातली कितीतरी कुटुंबं दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्या मुलांना तेवढे महिने ठेवून घेणारी वसतिगृहं ही संस्था चालवायची. प्रवेशाचा अर्ज आता वेबसाइटवरून भरायचा होता. अर्ज दसऱ्यापर्यंत गेला तर मूल वसतिगृहात राहून शाळेत जाणार, नाही गेला तर आईबापांबरोबर उसाच्या फडात. मास्तर त्याच भागातले. त्यांची बहीण आणि मेहुणा दरवर्षी तोडीला जायचे. "भाची औंदा धाव्वीला जानार हाय," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तिचा पैला अर्ज या पानावरनं जानार. नीट करा."

आम्ही नीटच करत होतो, पण संस्थेच्या अध्यक्षांना पानाच्या माथ्यावर आपले फोटो हवे होते. एक नाही, सहा, एकामागून एक सरकणारे. बैठकीत मी गुळमुळीत काहीतरी बोलत होते. मास्तरांनी चावी पिळून फुटक्या काचेचा फोन अध्यक्षांपुढे ठेवला, शेंगांची पिशवी सोडली आणि म्हणाले, "साहेब, घ्या, खा. तुमचा फोटू येस्तवर." अध्यक्षांनी खरोखरच खाल्ल्या. तेविसाव्या शेंगेला त्यांचं कपाळ दिसलं. मला वाटलं काम हातचं गेलं. अध्यक्ष तांबडेलाल झाले, पण मुद्द्याला धरून बोलले. "तुम्ही तुमच्या मनाने वेग कमी केलात. गावात खरंच एवढा कमी असतो का? मोजलाय कुणी?"

मास्तरांनी पिशवी पुन्हा बांधली. त्यांना तो प्रश्न फार लागला, कारण एरवी तो त्यांचा स्वतःचा होता. ब्राउझरमध्ये 'हळू' आणि 'जलद' असे तयार आकडे येतात, त्यांच्यावर बोट ठेवून ते आम्हाला नेहमी विचारायचे, "हे कुनी ठरवलं? त्यो कधी पाथर्डीच्या स्टँडवर उतरला हुता का?" आता तेच त्यांच्यावर आलं होतं. त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली आणि तिन्ही फोन घेऊन एसटीने गावी गेले.

परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने आणि एका मोठ्या डब्यासह. डब्यात हुरडा होता, भावाच्या रानातल्या ज्वारीचा, सोबत लसणाची चटणी. आम्ही तुटून पडलो. ते बाजूला उभे राहून वही वाचून दाखवत होते. शाळेच्या भिंतीपाशी मोजलं, पाण्याच्या टाकीखाली, बहिणीच्या ओट्यावर. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. "मी उगाच गावाची बदनामी करत हुतो," ते म्हणाले. "झ्याक चालतंय. फोटूसकट नऊ शेंगा. येऊ द्या साहेबांचे फोटू." चावी त्यांनी स्वतः सैल केली, तो आकडा डिफॉल्ट म्हणून बसवला आणि पडद्याखाली शाईच्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. 'आकडा प्रत्यक्ष गावात मोजलेला आहे. हात लावू नये.'

एकदा मोजून थांबतील तर ते मास्तर कसले. होळीला पुन्हा गेले, पुन्हा तिन्ही जागी, तिन्ही वेळी मोजलं. आकडा जुळला. त्या दिवशी त्यांनी आनंदाने माकडटोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांचं डोकं मी प्रथमच पाहिलं, पूर्ण टक्कल.

घटस्थापनेला अर्ज सुरू झाले. पडदा हिरवागार. राहुरीकडून अर्ज येत होते, नगरमधून येत होते. पाथर्डी, शेवगावकडून तुरळक. चौथ्या दिवशी मी मास्तरांना विचारलं, "सर, तिकडून अर्ज का येत नाहीत?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हिरवं हाय ना?"

"हिरवं आहे. पण अर्ज नाहीत."

"मग लोकांनाच पोरं ठिवायची नसतील. सवय झाली फडात न्यायची."

 हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर मास्तरांनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आकडा त्यांचा होता, दोनदा मोजलेला होता, आणि मीही मान हलवून जागेवर गेले. हे लिहिताना लाज वाटते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला, कारण हात शेंगा फोडण्यात होते.

"दादा, चार दिस झाले, पान नुसतं फिरतंय. काल उघडलं तर अर्ध्यातच गेलं. पोरीचं नाव सुदिक लिवून झालं न्हाई."

"परत दाब."

"दाबून दाबून आंगटा दुखाया लागला. मला वाटलं माझाच फोन खराब. शेजारनीचा घेतला, तिचाबी तसाच."

"असं व्हनारच न्हाई," मास्तर म्हणाले. "तुझ्या वट्यावर बसून मी सोता मोजलंय. दोन डाव."

 पलीकडे ट्रकचं इंजिन घरघरत होतं, माणसं ओरडत होती. मग ती म्हणाली, "दादा, तू मोजलंस तवा गावात हुतं कोन? आमी समदी तोडीला गेल्तो की रं."

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला कळायला एक क्षण जास्त लागला. हुरडा. हुरडा थंडीत येतो. थंडीत ते गाव रिकामं असतं, होळीलाही रिकामंच. दारांना कुलपं, मागे म्हातारी माणसं आणि थोडे शेतकरी. टॉवर एकच, फोन मूठभर, मग वेग का नाही मिळणार! आता दसऱ्याच्या तोंडावर सगळं गाव घरी होतं, सगळ्यांच्या हातात फोन होते आणि सगळे तोच अर्ज उघडत होते. ज्यांच्यासाठी पान बनवलं ती माणसं गावात नसताना आम्ही त्यांचा वेग मोजला होता. मी तर तो हुरडा बोटं चाटून खाल्ला होता.

"ट्रक दुपारच्या आत निघंल," बहीण म्हणत होती. "मुकादमानं पोरीचं नाव टोळीत धरलंय. अर्ज गेला असता तर काढलं असतं. आता काय करू सांग."

"थांबव," मास्तर म्हणाले. "मी येतो." आणि फोन बंद करून ते तसेच बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "ताई, मी असल्याच घरात वाढलो," ते म्हणाले. "दरसाल दिवाळीला आमच्या दाराला कुलूप असायचं. मी आज्जीच्या घरी मागं. गाव कसं ओसाड व्हतं ते माझ्याइतकं कुनाला ठावं हाय? आन् मीच इसरलो."

मी गाडी काढली. करंजीच्या घाटात ते एकदाच बोलले, हळू चालवू नका म्हणाले.

गाव गच्च भरलेलं होतं. पाण्याच्या टाकीपाशी चाळीसेक माणसं फोन वर धरून उभी होती. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. मास्तर त्यांच्यात जाऊन उभे राहिले, फुटक्या काचेचा फोन काढला, पान उघडायला लावलं आणि शेंगा फोडायला लागले. दहा झाल्या, वीस झाल्या. पंचविसाव्या शेंगेला अध्यक्षांचं कपाळ आलं आणि चाक फिरत राहिलं. मास्तर खात नव्हते, नुसत्या फोडून खाली टाकत होते. पिशवीत हात घातला तर शेंगा संपल्या होत्या. अर्ज आलाच नव्हता.

मी ऑफिसला फोन लावला. तोही तिसऱ्यांदा लागला. सगळे फोटो काढा, रंग काढा, बोधचिन्ह काढा, नुसता अर्ज ठेवा, असं ओरडून सांगितलं. आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले, अध्यक्षांना विचारावं लागेल. मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, विचारायचं माझ्या नावावर घाला. आन् चावी आवळा. मी सांगतो तो आकडा लिवून घ्या." त्यांनी टाकीखाली उभं राहून, भर गर्दीत नवा आकडा मोजून सांगितला. अर्ध्या तासात ते पान उघडं-बोडकं झालं आणि उघडायला लागलं. लोकांनी रांग लावली. मी एका दगडावर बसून ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अर्ज भरत होते, एक म्हातारी मला पाणी आणून देत होती.  चार दिवस ही माणसं इथं अशीच उभी होती आणि आमचा पडदा हिरवा होता.

मास्तर रांगेत नव्हते. शोधत गेले तर ते बहिणीच्या ओट्यावर बसलेले. दाराला कुलूप होतं. आम्ही घाटात असतानाच ट्रक निघाला होता. मुकादम थांबला नव्हता. मास्तरांनी मांडीवर फोन धरून मामा या नात्याने भाचीचा अर्ज भरला, हळूहळू, शाईच्या पेनाने लिहावं तसा. तो लगेच गेला. त्यांनी मला दाखवलं आणि म्हणाले, "सहा शेंगांत गेला असता."

दसरा झाल्यावर आमचा पडदा बघण्यासारखा झाला. नव्या आकड्याने आमची सगळी पानं लाल. दूध संघाचं लाल, कॉलेजचं लाल, आम्ही अभिमानाने मिरवलेलं सगळं लाल. साहेब कपाळावर हात मारून बसले. मास्तरांनी चिठ्ठी बदलली, 'गाव भरलेलं असताना मोजलेला आकडा', आणि चार दिवसांची रजा घेऊन भाचीला आणायला गेले. वसतिगृहात तिची जागा लागली होती. टोळी लांब नव्हती, राहुरीकडे एका कारखान्याच्या हद्दीत होती.

चार दिवसांचे दहा झाले. मग साहेबांना त्यांचा फोन आला, पट्टा म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत येणार नाही. साहेबांना वाटलं आजारी पडले. मला मात्र काहीतरी वेगळंच वाटलं. दिवाळीनंतर एका कामासाठी राहुरीला गेले तेव्हा एक किलो भाजलेल्या शेंगा घेऊन फड शोधत गेले.

पाचटाच्या कोप्यांच्या, म्हणजे तोडवाल्यांच्या झोपड्यांच्या, पलीकडे उसाचं रान अर्धं तोडून झालं होतं. बायका मोळ्या बांधत होत्या, गाडीकडे नेत होत्या. त्यांच्यात एक माकडटोपी.  चष्म्याला दोरी बांधलेली, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर मोळी. आमच्या कंपनीतला वयाने सगळ्यांत मोठा माणूस गाडीच्या फळीवरून तोल सावरत वर चढत होता.

"सर!"

त्यांनी मोळी टाकली आणि खाली आले. धापा टाकत हसले. "ताई, मुकादम म्हनला, मानूस धरलाय तर मानूस पायजे. पोरगी म्हनली, आईच्या कमरेत भरलंय, मी कशी येऊ. मग मी म्हनलं, तिच्या जागी मला धरा."

मला रडू येत होतं आणि रागही. "हे काय वय आहे का सर? दुसरा मार्ग नव्हता? मला तरी सांगायचं!"

"चूक कुनाची?" ते म्हणाले. "तुमची थोडीच."

त्यांची बहीण लांबून आमच्याकडे बघत होती, कोयता हातात. मी शेंगांची पुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली, बहिणीकडे पाठवली, एकही काढून घेतली नाही.

"पडद्यावर काय रंग हाय?"

"लाल. बरीच पानं अजून लाल. साहेब रोज म्हणतात, जुना आकडा लावा."

"लावला का?"

"नाही. मी बसलेय ना तिथे."

त्यांनी मान हलवली. मग चिंध्या पुन्हा घट्ट गुंडाळत म्हणाले, "काल फोन आला हुता पोरीचा. वसतिगृहातनं. गनिताचे मास्तर बरे हायत म्हनली. परीक्षा मार्चमदी हाय."

"आणि तुमचा पट्टा कधी संपणार?"

"त्याच सुमाराला," ते म्हणाले आणि पुढच्या मोळीखाली मान घालायला वाकले. "तवर पाठ टिकली म्हंजी झालं."